रुंद नखांना टोक कशाला?

ताई, नमस्कार.
मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, वय २७, एका शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवते. वसंत पंचमीला माझा साखरपुडा आहे, म्हणजे हातात सात आठवडे आहेत. माझी नखं बाबांवर गेली आहेत. रुंद, आखूड आणि मुळाशी जवळजवळ सपाट. मामेबहिणीची बदामी आकाराची नखं पाहून गेले सहा महिने मीही घरी तसाच आकार देतेय. पण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, या दोन बोटांची नखं दर वेळी एकाच कोपऱ्यातून तुटतात. परवा तर अगदी जिव्हाळी लागलं. आई म्हणते, पार्लरमध्ये जाऊन एक्स्टेन्शन, म्हणजे खोटी नखं, लावून घे आणि मोकळी हो. आजी म्हणते, दिवेलागणीनंतर नखांना हात लावायचा नाही, आणि शिकवण्या आटोपून मी घरी येते तोवर दिवेलागण झालेली असते. माझ्या हाताला शोभेल असा आकार मला घरीच देता येईल का? साखरपुड्याचे निम्मे फोटो हातांचेच असतात हो.
— एक वाचक, ग्वाल्हेर

तुझं उत्तर तुझ्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे: ‘दर वेळी एकाच कोपऱ्यातून तुटतात.’ नख मुळातच कमजोर असतं तर ते कुठूनही तुटलं असतं. कधी मधे चिरलं असतं, कधी टोकाला पापुद्रा सुटला असता. एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटतं, याचा अर्थ ती जागा तुझ्या हातून पातळ होते आहे.

उजेडात जाऊन उजवा अंगठा डोळ्यांसमोर धर. नख दोन्ही बाजूंनी मांसाला धरून वर येतं आणि एका जागी मांस सोडून मोकळं होतं. ते मोकळं होण्याचे दोन कोपरे नीट बघ. नखावर येणारा सगळा जोर तिथे पडतो. तुमच्या लष्करातल्या महाराज बाड्याच्या चौकाच्या आसपास जुन्या हवेल्यांचे दगडी छज्जे तू रोज बघत असशील. छज्ज्याच्या पुढच्या कडेवर कितीही नक्षी कोरा, त्याला काही होत नाही. पण तो भिंतीतून जिथे बाहेर पडतो तिथे छिन्नी लावली, तर तो आज ना उद्या खाली येणारच. बदामी आकार देताना तू नेमकी तिथेच छिन्नी लावते आहेस.

बदामी आकारासाठी दोन्ही बाजू आत घ्याव्या लागतात. तुझ्या मामेबहिणीचं नख अरुंद असणार आणि बोटाच्या बराच बाहेर वाढलेलं असणार. तिला टोकाकडे निमुळतं व्हायला पुरेशी जागा आहे. तुझं नख दोन-तीन मिलिमीटर बाहेर आहे. तेवढ्याशा जागेत टोक काढायचं तर फायलर थेट त्या कोपऱ्यात, मांसाच्या कडेपर्यंत घालावा लागतो. मग फळ्यावर लिहिताना, डबा उघडताना, उशीचा अभ्रा चढवताना जरासा धक्का लागतो आणि नख तिथून फाटत जिव्हाळीपर्यंत जातं. माझ्या स्वतःच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये मी असाच आकार करून घेतला होता. हळदीच्या आदल्या दिवशी पेटीची कडी काढताना अंगठ्याचं नख आडवं फाटलं, आणि सगळे विधी मी पट्टी बांधलेल्या अंगठ्याने केले. तेव्हाची ती ठणक मला अजून आठवते. म्हणून तुझं पत्र मी बाजूला ठेवू शकले नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, हिचा दिसण्याशी थेट संबंध आहे. रुंद बुडावर आखूड टोक काढलं की नखाचा त्रिकोण होतो, आणि त्रिकोणात नजर आधी पायाकडे जाते. म्हणजे जी रुंदी लपवायची, तीच जास्त उठून दिसते. कड अगदी सपाट, चौकोनी कापली तर टोकाला एक आडवी रेघ येते आणि बोट आणखी बुटकं दिसतं. तुझ्या नखाला या दोन्हींच्या मधला आकार हवा. बाजू मांसातून जशा वर येतात तशाच सरळ वर जाऊ द्यायच्या, आणि फक्त वरच्या कडेला हलकी कमान द्यायची. पार्लरमध्ये याला कोणी ओव्हल म्हणतील, कोणी स्क्वोव्हल. नावाकडे लक्ष देऊ नकोस. बाजू सरळ राहिल्या की नजर त्या रेघांबरोबर वर चढते आणि बोट लांब वाटतं.

कमान किती द्यायची हे नखाचं मूळच सांगतं. क्युटिकलजवळची, म्हणजे मुळाशी नखावर आलेल्या पातळ कातडीजवळची, कड ज्या वळणाची असते, टोकाची कड साधारण त्याच वळणाची ठेवली की नख एकसंध दिसतं. ज्यांचं मूळ खोल गोल असतं त्यांना पूर्ण ओव्हल शोभतो. तुझं मूळ सपाटीकडे झुकणारं आहे, म्हणून कमानही उथळ ठेव, खापरीसारखी, कढईसारखी नको. लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास राहू दे. त्याहून वाढवलंस तर कणीक आणि खडूची धूळ आत बसेल, आणि तुला हात सतत धुवावे लागतील. त्याने काय होतं, ते पुढे येतंच.

आमच्या जनकगंजातल्या वाड्यात, मी लहान असताना, वरच्या मजल्यावर एक काका सरोद शिकत होते. ग्वाल्हेरची मुलगी आहेस, तेव्हा तुला ठाऊक असेलच, सरोदाला पडदे नसतात. गुळगुळीत धातूच्या पट्टीवर डाव्या हाताच्या नखांच्या कडेने तार दाबायची आणि नख तारेवरूनच घसरवत मींड घ्यायची. जिवाजीगंजातल्या सरोद घर या संग्रहालयात गेलीस तर ती चकचकीत पट्टी जवळून बघता येईल. तारेने नखाच्या कडेला खाच पडते, आणि खाच पडली की सूर खरखरतो. त्यामुळे काकांच्या वाद्याच्या पेटीत कापडात गुंडाळलेला एक बारीक दाण्याचा फायलर असायचा. रियाजाला बसण्याआधी ते दोन बोटांची कड हलकेच सारखी करायचे आणि मग ते नख खांद्यावरच्या शालीवरून फिरवायचे. लोकरीचा धागा कुठे अडकला की त्या जागी आणखी दोन हात मारायचे. त्यांची नखं आखूड होती, मजबूत होती, आणि दोन्ही बाजू अगदी सरळ होत्या. हाताने दिवसभर काम घेणाऱ्या माणसाचं नख कसं असावं, हे मी प्रथम त्यांच्याकडे पाहिलं. शालीची ती परीक्षा मी आजही करते आणि तूही कर. डोळ्यांना दिसत नाही ती खरखर लोकरीला बरोबर कळते.

आता फायलरबद्दल. तुझ्याकडे बहुतेक नेलकटरला जोडलेली लोखंडी पट्टी असेल, नाहीतर बाजारात सुट्टा मिळणारा धातूचा फायलर. तो आजपासून वापरू नकोस. नख वरून एकच कवच वाटतं, पण ते केराटिन या प्रथिनाच्या पातळ थरांचं बनलेलं असतं, आपल्या तिळगुळाच्या गजकासारखं. चांगला गजक हातात घेऊन जरा दाबला की पापुद्रे कसे सुटतात ते बघ. खरखरीत धातू नखाच्या कडेला अगदी तसंच करतो, थर ओरबाडून उचकटतो. त्या फटींत पाणी शिरतं, आणि चार दिवसांनी नख टोकाला दुभंगायला लागतं. मग आपण म्हणतो, कॅल्शियम कमी पडतंय. (नखावरच्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दलही घरोघरी हेच म्हणतात. ते ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाला कधीतरी लागलेल्या लहानशा माराचे असतात आणि नख वाढलं की पुढे सरकून निघून जातात.)

घेताना फायलरवरचा आकडा बघ. आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक. १०० किंवा १५० चे फायलर खोट्या नखांसाठी असतात. आपल्या नखाला २४० चा उत्तम, अगदीच जाड नख असेल तर सुरुवातीला १८० चालतो. एका बाजूला १८० आणि दुसऱ्या बाजूला २४० असा पुठ्ठ्याचा फायलर सहज मिळतो. जमलं तर काचेचा घे. त्याचा दाणा एकसारखा असतो, तो धुता येतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि कड बंद केल्यासारखी गुळगुळीत करतो. फक्त फरशीवर पडू देऊ नकोस. आणि तो तुझा एकटीचाच असू दे, बहिणीबहिणींतही फिरवू नका.

आजींचं मात्र ऐक. दिवेलागणीनंतर नखं नकोत, हे मला या कामापुरतं अगदी पटतं. कंदिलाच्या उजेडात जिव्हाळी कापली जायची, उडालेला तुकडा सापडायचा नाही आणि कोणाच्या तरी पायात रुतायचा. ट्यूबलाइटखालीसुद्धा नखाची सावली नखावरच पडते आणि एक बाजू जास्त घासली गेल्याचं कळत नाही. रविवारी दुपारी गच्चीवर जा. या दिवसांत सगळं घर तिथे ऊन खात बसलेलं असतंच, तूही त्यातच अर्धा तास बस. आठवड्यातून एकदा पुरे.

मात्र अंघोळ झाल्याझाल्या किंवा भांडी घासून उठल्याउठल्या बसू नकोस. ओलं नख पाणी पिऊन मऊ होतं, वाकतं, आणि त्या अवस्थेत घासलं तर थर सुटतात. हात कोरडे होऊन अर्धा-पाऊण तास गेला पाहिजे. जुनं नेलपेंट आधी काढ. नख बरंच वाढलेलं असेल तर नेलकटरने एका दणक्यात कापू नकोस. नेलकटर गोल नखाला क्षणभर चपटं दाबतो आणि त्याच दाबाने बारीक चिरा पडतात. कडेकडेने लहान लहान तुकडे काढ, आणि हव्या त्या लांबीच्या जरा अलीकडेच थांब. उरलेलं काम फायलरचं.

पहिल्या एक-दोन वेळा काजळ पेन्सिलीची मदत घे. प्रत्येक नखाच्या मुळाशी मधोमध एक बारीक ठिपका दे, तसाच टोकाशी दे, आणि दोहोंमधून टोकाला हवी ती उथळ कमान आखून घे. गणिताची बाई आहेस, तुला मध्यबिंदू काढायला मी काय शिकवणार? पण खरंच, घरी आकार बिघडतो तो याच कारणाने. आपण एक बाजू घासतो, मग ती जास्त झाली म्हणून दुसरी, मग पुन्हा पहिली, आणि शेवटी नख संपतं. रेघ आखलेली असली की हात तिथे थांबतो.

फायलर कडेला अगदी काटकोनात लावू नकोस, किंचित खालच्या अंगाने तिरका धर, म्हणजे वरचा थर उचकटत नाही. आधी बाजू बघ. त्यांना आकार द्यायचा नाही, फक्त कुठे कुसळ असेल तर फायलर बाजूला समांतर, उभा धरून एकदा फिरवायचा. फायलरचं टोक मांसाच्या खोबणीत शिरलं तर समज, चुकलं. मग टोक. एका कोपऱ्याकडून मधल्या ठिपक्यापर्यंत यायचं, फायलर उचलायचा, दुसऱ्या कोपऱ्याकडून पुन्हा मध्यापर्यंत. करवतीसारखं मागे-पुढे करू नये असं सगळेच सांगतात. माझ्या मते दिशेपेक्षा हाताचा भार महत्त्वाचा. फायलर बोटांत पिसासारखा धरला असेल आणि दाणा बारीक असेल, तर एखाद्या वेळी मागे-पुढे झाल्याने काही बिघडत नाही. पण तुझी नखं आत्ता दुखावलेली आहेत, तेव्हा निदान हे सात आठवडे एकाच दिशेने जा. दर चार-पाच हातांनंतर थांब आणि तळहात स्वतःकडे वळवून नख मागच्या बाजूने बघ. समोरून सरळ वाटणारी कड मागून तिरकी निघते, ती तिथे सापडते.

उजव्या हाताची नखं डाव्या हाताने घासताना सगळ्यांचीच पंचाईत होते. तुझं उजव्याचंच नख तुटतं, त्यात याचाही वाटा असेल. डावा हात आवरत नाही आणि एकच कोपरा खोल जातो. त्यावर उपाय असा: डाव्या हातातला फायलर पाटाच्या किंवा टेबलाच्या कडेवर टेकवून घट्ट धर, तो हलवूच नकोस. त्याच्यावरून उजव्या हाताचं बोट फिरव. उजव्या हाताला जी सफाई आहे ती बोट फिरवतानाही असतेच, आणि कोपरे वाचतात.

झालं की तेल. तिळाचं, खोबरेल, बदामाचं, घरात असेल ते. एकेक थेंब प्रत्येक नखाच्या मुळाशी आणि टोकाखाली जिरव. ग्वाल्हेरची थंडी कोरडी असते, त्यात खोलीत हीटर लावला की कातडीबरोबर नखंही वाळतात. रोज रात्री झोपताना तेल लावलंस तर क्युटिकल मऊ राहतील, आणि रविवारी हात धुतल्यावर टॉवेलने त्या हलकेच मागे सारता येतील. त्या कापायच्या मात्र नाहीत. क्युटिकल ही नखाच्या मुळाची दारं-खिडक्या बंद करणारी कड आहे. ती कापली की जंतू आत जातात आणि ऐन साखरपुड्यात नखुरडं होऊन बसतं. नुसती मागे सारली तरी नख जवळजवळ मिलिमीटरभर लांब दिसतं, आणि आखूड नखाला तेवढंही पुष्कळ.

आता तुझा उजवा अंगठा. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण मला सांग, सध्या घरात रोज मटार कोण सोलतंय? या मोसमात आपल्याकडे किलो-किलो मटार येतो, आणि शेंग फोडायला आपण अंगठ्याचं नख शिवणीत घालून जोर देतो. नेमका त्याच कोपऱ्यावर. स्टेपलची पिन उचकटणं, डब्याचं झाकण, किल्लीची कडी, गजकाच्या डब्याची चिकटपट्टी, हे सगळं तोच अंगठा आणि तीच तर्जनी करतात. सात आठवडे मटार दुसऱ्या कोणाकडे दे, किंवा शेंगेचं टोक चिमटीने मोडून दोरा ओढ, मग शेंग आपोआप उघडते. पिनांसाठी चमचा वापर. भांडी घासताना आणि कपडे भिजवताना रबरी हातमोजे घाल. पाण्याने नख फुगतं, वाळलं की आकसतं, आणि दिवसातून दहा वेळा हे झालं की थर एकमेकांना सोडतात. खडूने हात कोरडे पडतात, तेव्हा पर्समध्ये क्रीमची लहान ट्यूब असू दे, तास संपला की नखांनाही लाव.

हातात किती वेळ आहे तेही मोजून बघू. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, थंडीत थोडं सावकाश. सात आठवड्यांत जवळपास पाच मिलिमीटर. म्हणजे जिव्हाळीपर्यंत गेलेली ती फाट पूर्ण वाढून बाहेर पडेल आणि तुला हवे ते दोन मिलिमीटरही मिळतील. मात्र त्यासाठी एक गोष्ट आजच करावी लागेल. दहाही नखं आखूड कर, सगळ्यांत लहान नखाच्या मापाची. मोडलेल्या दोन नखांसाठी बाकीची आठ सोडवत नाहीत हे मला कळतं, पण आठ लांब आणि दोन आखूड असा हात फोटोत जितका खटकतो तितकी आखूड नखं कधीच खटकत नाहीत. आणि एकदम आखूड केलं की आत्तापर्यंत आत घासलेल्या बाजूही नव्याने सरळ वाढून येतात. तुझ्या सहा महिन्यांच्या बदामाचा हिशेब तिथे मिटतो.

आईंचा एक्स्टेन्शनचा सल्ला काळजीपोटी आहे, पण तुझ्यासाठी मी तो देणार नाही. ती नखं बसवताना आपल्या नखाचा वरचा भाग मशीनने खरवडतात आणि काढताना अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून पुन्हा खरवडतात. आधीच दुखावलेलं नख त्यातून आणखी पातळ होऊन निघतं. शिवाय जेलमधल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच याबद्दल लोकांना सावध केलं होतं. नीट न सुकलेला जेल कातडीला लागला की धोका वाढतो, म्हणून ऑनलाइन मिळणारी घरगुती जेल किट तर मुळीच नकोत. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते, आणि दातांच्या काही उपचारांतही याच जातीचे पदार्थ वापरतात. एका दिवसाच्या फोटोंसाठी एवढं कशाला? एखादं नख उचकटून मांसापासून सुटत असेल, खोलगट चमच्यासारखं होत असेल, किंवा एखाद्या नखात नवीनच काळी उभी रेघ उमटली असेल, तर मात्र फायलर बाजूला ठेव आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखव.

साखरपुड्याच्या आठवड्याचा क्रम ठरवून ठेव. शेवटचा आकार मेंदीच्या आदल्या दिवशी दे, त्या दिवशी नको, साखरपुड्याच्या सकाळी तर नकोच. मेंदीचा रंग केराटिनला धरून बसतो. कातडीवरचा दोन आठवड्यांत जातो, पण नखावरचा नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो, मुळाशी लागला तर चार-सहा महिने. कोणाला ती केशरी नखं आवडतात, माझ्या आईला फार आवडायची. तुला नको असतील तर मेंदीला बसण्याआधी नखांवर बिनरंगी नेलपेंटचा हात दे आणि नंतर तो काढून टाक. मेंदीचा कोन मात्र घरच्या किंवा ओळखीच्या मेंदीचा असू दे. तासाभरात काळा रंग देणारी मेंदी हाताला लावू नकोस, तिच्यातल्या रसायनाने फोड येतात.

नेलपेंट लावताना रुंद नखासाठी एक जुनी युक्ती आहे. पहिला पट्टा मधोमध, मुळापासून टोकापर्यंत. मग दोन्ही बाजूंना एकेक, पण अगदी कडेपर्यंत न्यायचा नाही. दोन्हीकडे केसाएवढी जागा कोरी सोडायची. गडद रंगात ही कोरी रेघ कोणाला दिसत नाही, नख मात्र चटकन अरुंद वाटतं. फिका रंग हवा असेल तर आपल्या कातडीच्या जवळचा, किंचित गुलाबी किंवा बदामी घे, म्हणजे नख कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं हे नजरेला कळत नाही आणि बोट लांब दिसतं. पांढऱ्या टोकाचं फ्रेंच तुला नको, ती पांढरी पट्टी टोकाला आडवी रेघच ओढते. पातळ दोन हात दे, एक जाड नको. आणि रिमूव्हर आठवड्यातून एकदाच.

ऐन वेळी एखादं नख तुटलंच तर घाबरून दहाही पुन्हा कापत बसू नकोस. तुटलेल्याची कड तेवढी गुळगुळीत कर, त्याच्या शेजारची दोन नखं अर्धा मिलिमीटर कमी कर, म्हणजे उतार सारखा दिसतो. अनामिका वाचली असेल तर फोटोतली निम्मी लढाई जिंकलीस. नाहीच वाचली तर अंगठी घालताना बोटं जरा वाकवून, सैल ठेव. ताठ पसरलेला हात कोणाचाच चांगला दिसत नाही, लांब बोटांच्या मुलींचासुद्धा नाही.

येत्या रविवारी गच्चीवर बसशील तेव्हा आजींचीही नखं घासून दे. म्हातारपणी नखं जाड आणि ठिसूळ होतात, स्वतःची स्वतःला कापवत नाहीत, आणि मुलीबाळींना सांगवतही नाही. त्यांच्यासाठी १८० ची बाजू वापर, आधी तेल मात्र नको, हात घसरतो. पायाची नखं सरळ काप, कोपरे गोल करू नकोस, नाहीतर ती मांसात शिरतात.

साडीचा रंग तू लिहिलाच नाहीस. तो कळव, शिवाय अंगठी सोन्याची आहे की हिऱ्याची तेही, म्हणजे नेलपेंटची छटा ठरवू. उजव्या अंगठ्याचं चार आठवड्यांनी काय झालं तेही लिही, मी वाट बघते.